कोळशाच्या रेघा

पुस्तिकेतलं पहिलं वाक्य मी मोठ्यांदा वाचलं:
पडद्याला बोटाने हलकेच स्पर्श करा.
गुणाबाय आरावंदेकरने बोट आधी पदराला पुसलं,
मग ठेवलं पडद्यावर,
पोराच्या कपाळाला ताप बघावा तसं.
पडदा ढिम्म.
पुन्हा ठेवलं. ढिम्म.
"तुझो फोन माका वळखणा नाय गो," म्हणाली,
आणि उभादांड्याची ती अख्खी शेड हसली,
राखेच्या डब्यांसकट.

बत्तीस वर्षं काजूचा चीक
त्या बोटांवरून गेलाय.
आधारच्या यंत्राने तिला दोनदा परत पाठवलं,
रेशनच्या यंत्राने किती वेळा, ते ती मोजत नाही.
रेषा जळून गुळगुळीत झालेलं बोट,
वहाळातला गोटा जसा.
मी पुस्तिका चाळली.
त्रेपन्न पानांत या बोटाबद्दल काही नव्हतं.

मग तिनेच करंगळी पुढे केली.
काजू फोडताना करंगळीला काम नसतं,
ती बाजूला उभी असते, लग्नातल्या पाहुणीसारखी.
करंगळी लागली
आणि पडदा उजळला.
त्या संध्याकाळी सतरा जणी
सतरा करंगळ्यांनी आपापलं नाव लिहीत होत्या.

तालुक्याच्या पत्रात वेळ होती दुपारी दोन ते चार,
जागा पंचायतीचं सभागृह.
दोन आठवडे मी तिथल्या खुर्च्यांना शिकवलं.
मग खाडीवरच्या रुझारीनने सांगितलं,
"अष्टमीक ये. भांगाचा पाणी.
कालवां उघडी पडणत नाय, आमी मोकळ्यो."
तेव्हापासून माझं वेळापत्रक पंचांगात:
अष्टमीला कालवंवाल्या,
दिवेलागणीनंतर शेड,
आणि बंदरावर बावटा चढला
की होड्यांवरचे खलाशी.
त्यांच्यात नेपाळचा तिलकबहादूर,
त्याला वाचता येतं, अक्षरं आमचीच,
बटणांवरचं इंग्रजी तेवढं येत नाही,
आणि धाकट्या मुलीला
बापाचा चेहरा हलताना बघायचाय.
अहवालात 'वेळ' या रकान्यापुढे
मी 'भरती-ओहोटी' लिहिलं.
साहेबांनी लाल गोल करून परत पाठवलं.

चौथा धडा फोटोचा.
पुस्तिका सुचवते: एखादं फूल, किंवा कुटुंबीय.
गुणाबाय उठली,
शेडच्या मागच्या भिंतीशी गेली.
तिथे कोळशाच्या रेघा,
चार उभ्या, त्यांना छेदून एक तिरकी,
दर रेघ म्हणजे किलोभर गर.
महिना भरला की ती ओल्या फडक्याने पुसते,
पुन्हा एकपासून.
तिने करंगळीने भिंत टिपली. पहिल्यांदा हलली,
दुसऱ्यांदा नीट आली.
मग मुकादमाने पाठवलेला पगाराचा हिशेब
तिने उघडला, अक्षराला अक्षर लावत,
इतका वेळ घेत
की मी दोनदा मदतीला पुढे झाले
आणि दोनदा हात मागे घेतला.
भिंत म्हणत होती दोनशे अकरा.
मोबाईल म्हणत होता एकशे ऐंशी.
या वेळी शेड हसली नाही.
कोणीतरी आपला मोबाईल उघडला.
मग आणखी कोणीतरी.

सोमवारी भिंतीला चुना लावलेला होता,
अजून ओला. सणासाठी, मुकादम म्हणाला.
सण कुठला, ते कोणी विचारलं नाही.
गुणाबाय आपल्या पाटावर बसली,
बोटं राखेत बुडवली,
मान वर न करता मला म्हणाली,
"पाचवो धडो काय?"
फोटो पाठवणे.
"एकाक, की सगळ्यांक?"
दोन्ही, मी म्हटलं.
तिने करंगळी तेवढी
पदराला पुसून घेतली.